जुन्या टर्बो डिझेल गाडीची निगा



पालघर, वसई, डहाणू या भागातून भाजीपाला, फुले आणि चिकू घेऊन बोरीवलीच्या बाजारात येणारे बागायतदार, तसेच गोराई, मनोरी, उत्तन परिसरातील वाडीवाले यांच्या दारात जुनी स्कॉर्पिओ, सफारी किंवा टर्बो बोलेरो उभी असलेली दिसते. टाटा सफारी १९९८ मध्ये २ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनासह बाजारात आली. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये २.६ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनासह आली. ताकद, वेग आणि खराब रस्त्यावरचा टिकाऊपणा यांमुळे या गाड्या ग्रामीण भागात लोकप्रिय झाल्या. आज त्यांपैकी अनेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. इंजिन अजून दणकट असते, परंतु टर्बोकडे दुर्लक्ष झाल्याने गाडी ऐन हंगामात रस्त्यात बंद पडते आणि नाशवंत माल वाया जातो. थोडी शिस्त पाळली तर हे नुकसान टळू शकते.

टर्बो म्हणजे काय ?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून डिझेल पूर्ण जळते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

हा दांडा मिनिटाला १ लाखापेक्षा जास्त फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला दीड हजाराहून अधिक. चढावर भार ओढताना डिझेल इंजिनाच्या धुराचे तापमान सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या वेगात आणि उष्णतेत दांडा धातूवर घासत नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून टर्बोचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : स्वच्छ तेल आणि स्वच्छ हवा.

गाडी सुरू करताना व बंद करताना

१) सकाळी गाडी सुरू केल्यावर ३० सेकंद ते १ मिनिट स्लोवर चालू ठेवावी. तेल टर्बोपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गरम करण्याची सवय सोडावी.

२) इंजिन बंद करताच तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बोचे चक्र फिरतच असते आणि गरमही असते. आत अडकलेले तेल करपते व त्याचा कोळसा बनून तेलाची वाट बुजते. म्हणून कसारा घाट किंवा घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ भरल्या गाडीने चढून लगेच थांबायचे असेल, अथवा अहमदाबाद महामार्गावर वेगाने येऊन मनोरजवळ चहाला उतरायचे असेल, तर २ ते ३ मिनिटे इंजिन स्लोवर चालू ठेवून मगच बंद करावे.

३) दहिसर नाक्यापासून बोरीवली बाजारापर्यंत गर्दीतून हळू आला असाल तर टर्बो आधीच निवलेला असतो. अशा वेळी अर्धा-एक मिनिट पुरेसे आहे. उगाच डिझेल जाळू नये.

४) बंद करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर दाबून मग चावी फिरवण्याची जुनी खोड टर्बो गाडीला अत्यंत घातक आहे.

तेलाची काळजी

गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे व जाडीचेच तेल वापरावे. पुस्तिकेत दिलेले तेल बदलण्याचे अंतर ही कमाल मर्यादा समजावी. धुळीचा रस्ता, भार आणि शहरातील रांगेत तासन्‌तास थांबणे असा वापर असेल तर त्याच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश अंतरावरच तेल बदलावे. प्रत्येक वेळी ऑईल फिल्टरही बदलावा. मोटर चालते तेवढे अंतर खरे नसते. रांगेत थांबलेले तास किलोमीटरमध्ये दिसत नाहीत, परंतु तेल मात्र झिजते.

दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी ओढून तेलाची पातळी पाहावी. पातळी कमी नको, तशीच खुणेच्या वरही नको. जास्त तेल भरल्यास ते ब्रीदर पाईपमधून हवेच्या वाटेत शिरते.

टर्बोला तेल पुरवणारा बारीक पाईप आणि त्याचा पोकळ बोल्ट जुन्या गाडीत कोळशाने बुजतो. टर्बो उतरवला जाईल तेव्हा हा पाईप नवा घालावा. गॅस्केटच्या जागी गोंदासारखे सीलंट फासू नये, कारण त्याचा तुकडा सुटून तेलाची वाट बंद करतो.

हवेची काळजी

वाळलेल्या गवताचा भुसा आणि शेतरस्त्याची धूळ एअर फिल्टर लवकर भरते. फिल्टर झटकून पुन्हा पुन्हा वापरल्याने कागदाला बारीक भेगा पडतात. अशा फिल्टरमधून गेलेला खडा टर्बोच्या पात्यांचे तोंड खाऊन टाकतो. तेव्हा फिल्टर मुदतीत बदलावा आणि त्याची रबरी कडा नीट बसली आहे का ते पाहावे.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतचे रबरी होज पाईप जुने झाले की फुगतात व चिरतात. इंजिन बंद असताना प्रत्येक पाईप हाताने दाबून, वाकवून पाहावा आणि क्लिप घट्ट कराव्यात. चढावर ‘फुस्स’ असा आवाज, काळा धूर आणि ताकद कमी ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर बहुधा पाईप फाटलेला असतो, टर्बो नव्हे. गोराई-उत्तनसारख्या खाऱ्या हवेत लोखंडी क्लिपा लवकर गंजतात, त्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या डब्याला जोडलेली बारीक नळीही तपासावी. ती निघाली किंवा चिरली तर दाब बिघडतो. दाब वाढवण्यासाठी त्या दांड्याची सेटिंग बदलणे किंवा संगणकात फेरफार करून घेणे जुन्या इंजिनाला झेपत नाही. ही सूचना स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या जुन्या पेट्रोल टर्बो मोटारींच्या मालकांनाही लागू आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा अधिक गरम असल्याने तेथे कूलंट आणि तेल यांत हयगय मुळीच चालत नाही.

धूर काय सांगतो ?

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, होज पाईप, नंतर इंजेक्टर या क्रमाने तपासावे.

निळा धूर : तेल जळत आहे. टर्बोचे सील, ब्रीदर पाईप अथवा पिस्टन रिंग यांपैकी दोष असू शकतो.

पांढरा धूर, इंजिन गरम झाल्यावरही : कूलंट आत जात असण्याची किंवा डिझेल न जळण्याची शक्यता. कूलंटची पातळी पाहावी.

टर्बो बदलण्यापूर्वी

मिस्त्रीने ‘टर्बो गेला’ असे सांगितल्यावर लगेच नवा बसवू नये. टर्बो आपोआप क्वचित मरतो. त्याला तेल न मिळणे, घाण तेल किंवा बाहेरचा कण यांपैकी एक कारण मागे असते. ते कारण न शोधता बसवलेला नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो. पुढील तपासणी मिस्त्रीसमोर उभे राहून करून घ्यावी.

१) इंजिन थंड व बंद असताना हवेचा पाईप काढून दांडा बोटाने हलवावा. वर-खाली अगदी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे जाणवण्याइतकी हालचाल किंवा पाते आवरणाला घासल्याची खूण असल्यास टर्बो खराब समजावा.

२) ब्रीदर पाईप बुजला असेल तर इंजिनातला दाब तेलाला परत खाली येऊ देत नाही आणि चांगला टर्बोही तेल गाळतो. आधी तो साफ करून पाहावा.

३) नवा किंवा दुरुस्त टर्बो बसवताना इंटरकूलरमधील तेल व पात्यांचे तुकडे धुऊन काढावेत. टर्बोच्या तेलाच्या तोंडातून स्वच्छ तेल भरावे आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवावे. त्यानंतरच गाडी सुरू करावी.

४) कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून जुना भाग घेणार असल्यास टर्बोवरील पट्टीचा क्रमांक आपल्या जुन्या टर्बोशी जुळवावा. दुरुस्त केलेल्या टर्बोचे बॅलन्सिंग केल्याचा कागद आणि पावती मागून घ्यावी.

इंजिन हाताबाहेर गेल्यास

टर्बोचे सील तुटून तेल हवेच्या वाटेत शिरले तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धावू लागते. आवाज वाढत जातो, दाट धूर निघतो आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. घाबरू नये. गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाकावा, ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. गाडी चालती असेल तर आधी ब्रेकने कडेला घेऊन मग हेच करावे. तसे न जमल्यास हवेचे तोंड जाड फळीने बंद करता येते, मात्र हात किंवा फडके कधीही लावू नये. पाती ते आत ओढून घेतात. काहीच जमले नाही तर सर्वांनी गाडीपासून दूर जावे.

पावसाळ्यात

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी दाबले जात नाही. ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सखल रस्त्यावर पाणी बंपरच्या वर असेल तर गाडी घालू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. बॅटरीची तार काढून गाडी ओढून न्यावी. एअर फिल्टर, पाईप आणि इंटरकूलर उघडून पाणी काढावे, तेल पांढरट झाले असल्यास बदलावे. डिझेल फिल्टरमधील पाणीही या दिवसांत वरचेवर सोडावे.

कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तपासणीनंतर ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. बोरीवलीच्या परिवहन कार्यालयाची एमएच ४७ ही मालिका नंतर सुरू झाल्याने या भागातील जुन्या गाड्यांवर एमएच ०२ हा क्रमांक दिसतो. काळा धूर सोडणारी गाडी तपासणीत अडते, तेव्हा वर सांगितलेली कामे मुदतीच्या दोन महिने आधीच उरकावीत.

थोडक्यात, एका वहीत तारीख, किलोमीटर, तेल, फिल्टर आणि दुरुस्ती यांची नोंद ठेवावी. वेळेवर बदललेले काही लिटर तेल आणि एक फिल्टर यांचा खर्च टर्बोच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे. पीक संरक्षणात रोग येण्यापूर्वीची फवारणी जशी स्वस्त पडते, तसेच हे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस गाडीसाठी काढावा, म्हणजे पहाटेचा माल वेळेवर बाजारात पोहोचेल.