बदल तेवढाच पाठवा

गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्ष्यांच्या नोंदींची मोठी फाइल तुम्ही गोंदियाहून नागपूरच्या युनिक्स संगणकावर पाठवली आहे, असे समजा. आज तीत चारच ओळी वाढल्या. ‘एससीपी’ ही आज्ञा सबंध फाइल पुन्हा पाठवील. अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली रचलेली ‘आरसिंक’ तसे करीत नाही. नागपूरचा संगणक जुन्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची गणिताने काढलेली छोटी खूण कळवतो. गोंदियाचा संगणक या खुणा ताडून पाहतो व न जुळणारा भागच धाडतो.

पण सावध! आज्ञेत आधी उगम, मग मुक्काम लिहावा. क्रम उलटला, तर नागपूरची जुनी फाइल गोंदियाच्या नव्या नोंदी पुसून टाकील. पक्षी मोजण्याचे कष्ट वाया!