इंजेक्शनच्या बाटलीचे टोपण

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. करोनाची दुसरी लाट जोरात होती. कासारवाडीतल्या माझ्या दवाखान्यात सकाळपासून रांग असे आणि रात्री अकराला शटर ओढले तरी कोणीतरी ते वाजवीतच असे. अशाच एका रात्री भोसरीच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण आला. त्याचे वडील माझे जुने पेशंट. ते तेव्हा एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. रेमडेसिविरचे इंजेक्शन होते. कोणाच्या तरी ओळखीने, बायकोचे गंठण गहाण ठेवून आणलेले. "डॉक्टरसाहेब, एवढंच सांगा, ही बाटली खरी आहे का?"

वाचकहो, बाटलीत नेमके कोणते औषध आहे, हे नुसते पाहून कोणीही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. मी त्याला तसेच सांगितले. पण ही बाटली पूर्वी कोणी उघडली आहे का, एवढे मात्र मला पाहता येणार होते. मी ती दिव्याखाली धरली. वरची प्लॅस्टिकची चकती किंचित तिरपी बसली होती आणि तिच्या कडेला वाळलेल्या डिंकासारखा चकचकीत थर दिसत होता. नखाने हलकेच ढकलताच ती निघून आली. खाली रबरी बुचावर सुईचे भोक होते.

"हे वडिलांना देऊ नकोस," मी म्हणालो. तो दोन मिनिटे गप्प बसला. मग म्हणाला, "आणि गंठण?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, बारामतीला, पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिविरच्या वापरून झालेल्या रिकाम्या बाटल्या मिळवायच्या, त्यांत पॅरासिटॅमॉलचे पातळ औषध भरायचे आणि हजारो रुपयांना विकायच्या, असा त्यांचा धंदा असल्याचे पोलिसांनी सांगितले. ही बातमी आपण सर्वांनी वाचली, हळहळलो आणि विसरून गेलो. परंतु त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून आज या बाटलीच्या टोपणाविषयी लिहीत आहे.

टोपणाची रचना

आपल्या भागाला इंजेक्शनची बाटली नवी नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने सरकारने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जुनी मंडळी आजही त्याला 'पेनिसिलीनचा कारखाना' किंवा नुसते 'एचए' म्हणतात. तिथून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे रक्तदाब तपासायला येत. ते म्हणायचे, "डॉक्टर, औषध कितीही चांगलं बनवा, बूच नीट बसलं नाही तर सगळं वाया." त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

या बाटलीचे चार भाग असतात. पहिला काच. दुसरा तोंडात घट्ट बसणारे रबरी बूच. सुई या बुचातून आत जाते आणि बाहेर काढल्यावर रबर पुन्हा मिटते, त्यामुळे बाटली न उघडता औषध काढता येते. तिसरा भाग ॲल्युमिनियमची टोपी. तिचा पत्रा साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. बूच बसवल्यावर ही टोपी वर ठेवतात आणि तिची खालची कड बाटलीच्या गळ्याच्या ओठाखाली यंत्राने दाबून वळवतात. सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण आठवा. तत्त्व तेच, काम मात्र फार बारकाईचे. दाब कमी पडला तर बूच सैल राहते आणि हवेबरोबर जंतू आत जाऊ शकतात. दाब जास्त झाला तर रबर चेपून वाकडे होते.

चौथा भाग म्हणजे वरची रंगीत प्लॅस्टिकची चकती. खरी युक्ती इथे आहे. ही चकती ॲल्युमिनियमच्या टोपीच्या मधल्या भागाला जखडलेली असते आणि तो मधला भाग बाकीच्या टोपीला अगदी लहान लहान पुलांनी जोडलेला असतो. अंगठ्याने चकती वर ढकलली की हे पूल तुटतात, चकतीबरोबर मधला पत्राही निघून येतो आणि खालचे रबर उघडे पडते. तुटलेले पूल पुन्हा सांधत नाहीत. म्हणजे हे कुलूप एकदाच उघडते आणि उघडल्याची खूण कायमची मागे ठेवते.

भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम करणाऱ्या वाचकांना यातली अवघड बाजू लगेच कळेल. पूल जाड ठेवले तर नर्सच्या अंगठ्याने चकती निघत नाही, मग कात्री किंवा सुरी लावावी लागते आणि बोट कापते. पूल बारीक ठेवले तर ट्रकच्या हादऱ्यांनीच चकती सुटते. काही औषधे बाटली बंद केल्यावर १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करतात, त्या उष्णतेतही टोपण टिकले पाहिजे. उघडायला सोपे आणि परत लावायला अशक्य, असे दोन्ही गुण या पातळ पत्र्यात आणायचे असतात.

रोखणे आणि दाखवणे

औषधाच्या वेष्टनाशी छेडछाड झाली तर केवढा अनर्थ होतो, हे जगाला १९८२ साली कळले. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात कोणीतरी दुकानांतल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांत सायनाइड भरून ठेवले. सात माणसे दगावली. गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारने दुकानात थेट मिळणाऱ्या औषधांसाठी वेष्टनाचे नवे नियम केले. सुरुवातीला त्या नियमांत 'छेडछाड रोखणारे वेष्टन' असा शब्द होता. पुढे तो बदलून 'छेडछाड दाखवणारे वेष्टन' असा केला गेला.

हा बदल शहाणपणाचा आहे. हट्टाला पेटलेल्या चोराला कोणतेच टोपण रोखू शकत नाही. टोपण साक्ष देऊ शकते. पण साक्षीदाराला कोणी विचारलेच नाही तर त्याच्या साक्षीचा उपयोग काय? आपण ती चकती कधी पाहतच नाही. नर्सबाई औषध भरून सिरिंज घेऊन येतात आणि आपण दंड पुढे करतो.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. नवी टोपी आणि ती बसवण्याचे हातयंत्र प्रयोगशाळांसाठी उघडपणे विकत मिळते. त्यामुळे टोपण व्यवस्थित दिसले म्हणून औषध खरे, अशी खात्री देता येत नाही. टोपण बिघडलेले दिसले तर मात्र ते औषध वापरायचे नाही, हे नक्की. या कारणाने काही कंपन्या टोपीवर आपले नाव किंवा खूण उमटवतात. आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाइलवर तो वाचून औषधाचे नाव, बॅच आणि मुदत ताडून पाहता येते.

रिकाम्या बाटलीची किंमत

बनावट औषध करणाऱ्याला सर्वांत अवघड काय जाते? खरी बाटली आणि खरे लेबल. ते त्याला आपण आयते देतो. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशीच एक टोळी पकडली. कर्करोगाच्या अतिशय महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या जमवून त्यांत बुरशीवरचे स्वस्त औषध भरले जात होते, असे तपासात पुढे आले. पकडलेल्यांत रुग्णालयांत काम करणारी माणसेही होती. बारामती काय किंवा दिल्ली काय, सुरुवात रिकाम्या बाटलीपासूनच झाली.

आपल्याकडे बाटली फेकायची नाही, ही जुनी सवय आहे. माझ्या लहानपणी दवाखान्यात जाताना घरूनच शिशी न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरून देई आणि डोसासाठी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी. रिकाम्या शिशीत घरी तेल राही, नाहीतर अत्तर. काटकसर चांगलीच, पण इंजेक्शनच्या बाटलीला ती लागू नाही.

यात मी स्वतःला वगळत नाही. दवाखाना सुरू केला त्या काळात रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून भंगारवाल्याला किलोवर जात. त्यांचे पुढे काय होते, हे मी कधी विचारले नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले. २०१६ च्या नियमांनुसार औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात वेगळ्या जमा कराव्या लागतात आणि कर्करोगाच्या विषारी औषधांच्या बाटल्या पिवळ्या गटात, जाळण्यासाठी. आता माझ्या दवाखान्यात बाटली खोक्यात टाकण्यापूर्वी तिच्या लेबलावर काळ्या मार्करने फुली मारतो. एवढ्याशा फुलीने त्या लेबलाचा बाजारभाव शून्य होतो.

तुम्ही काय कराल?

१. इंजेक्शन परवानाधारक औषध दुकानातूनच घ्या आणि बिल मागा. बिल, खोके आणि बाटली या तिन्हींवरचा बॅच क्रमांक एकच हवा. 'ओळखीतून' मिळालेले, बिल नसलेले औषध कितीही निकड असली तरी नको.

२. चकती सपाट आणि घट्ट बसलेली असावी. तिरपी, डगमगणारी किंवा डिंकाचा थर असलेली बाटली परत करा. ॲल्युमिनियमची कड बोटांनी फिरता कामा नये. तिच्यावर पकडीचे ओरखडे किंवा दुहेरी दाबल्याच्या खुणा नसाव्यात.

३. चकती तुमच्यासमोर काढायला सांगा. "सिस्टर, जरा आमच्यासमोर उघडा ना," एवढे नम्रपणे म्हटले तर कोणी रागावत नाही आणि रागावलेच तर रागावू द्या. चकती निघाल्यावर रबरावर सुईचे भोक दिसता कामा नये. मात्र एकाच बाटलीतून अनेकांना देण्याच्या लशीसारख्या औषधांत आधीची भोके असणारच. तिथे बाटली कधी उघडली ते विचारा.

४. जे औषध स्वच्छ पाण्यासारखे असायला हवे ते गढूळ दिसले, रंग बदलला असेल किंवा तळाशी कण दिसले, तर ते टोचून घेऊ नका.

५. चकतीखालचे रबर निर्जंतुक असते, हा गैरसमज आहे. सुई घालण्यापूर्वी ते दर वेळी स्पिरिटने पुसून वाळू द्यावे लागते. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साधारणपणे २८ दिवसांनंतर उरलेले इन्सुलिन वापरत नाहीत. आपल्या इन्सुलिनची मुदत माहितीपत्रकात पाहून घ्या.

६. वापर झाल्यावर लेबलावर फुली मारा. बाटली आणि सुई घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नका, जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या. आमच्याकडे ती वेगळी जमा होते.

७. शंका आली तर बाटली फेकू नका आणि विकणाऱ्याला परतही करू नका. खोके, बिल आणि बाटली जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांना किंवा पोलिसांना कळवा. बनावट औषधाने माणूस दगावला तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण त्यासाठी पुरावा हातात असावा लागतो.

हे शेवटचे मी ठळकपणे लिहितो आहे, त्याला कारण आहे. त्या तरुणाचे वडील त्या इंजेक्शनाशिवायच, अठरा दिवसांनी चालत घरी आले. ते अजूनही माझ्याकडे येतात. रेमडेसिविरने जीव वाचतोच, असे तेव्हाही सिद्ध झालेले नव्हते. गंठण सोडवायला मात्र त्या कुटुंबाला दोन वर्षे लागली. आणि ती बाटली? पोलिसांकडे दे, असे मी त्याला सांगितले होते. तो घाबरला. "आपल्यालाच आत टाकतील," म्हणाला. बाहेर पेशंट थांबले होते. मी जास्त आग्रह धरला नाही, त्याच्याबरोबर चौकीत गेलो नाही. त्याने ती बाटली विकणाऱ्याला परत केली, अर्धे पैसे सोडून.

ती पुन्हा डिंक लावून कोणाच्या वडिलांच्या उशाशी गेली असेल का, हा विचार अजूनही मनातून जात नाही. टोपणाने आपली साक्ष दिली होती. ती मी पुढे नेली नाही. तुमच्या हातात अशी बाटली आली, तर तुम्ही ती जरूर पुढे न्या. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर आपल्या डॉक्टरांना बरोबर घ्या. आता मला कोणी विचारले तर मी बरोबर जाईन.