तुरीच्या हंगामात किराण्याचा हिशेब

रोजच्या कमाईवर घर चालविणारा कारागीर किराणाही रोजच घेतो. संध्याकाळी पैसे हाती आले की पाव किलो डाळ, तेलाची पुडी, दहा रुपयांची चहापत्ती. सुट्या मालाला दर जास्त पडतो हे त्याला ठाऊक नाही असे नाही. हाच वेल्डर रॉडचे पाकीट घेतो, शिंपी अस्तराचे अख्खे थान आणतो. घरासाठी मात्र एकरकमी पैसा उरत नाही आणि मग काटछाट होते ती नेमकी डाळीत.

ही काटछाट महागात पडते. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे पोट भरण्याची बरीचशी सोय झाली. कमी पडतात ती प्रथिने. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात. पाच माणसांच्या घरात रेशनचे 25 किलो व वरची 10 किलो ज्वारी धरली, तर महिन्याला 11-12 किलो डाळ-कडधान्य हवे. एवढे झेपत नसेल तर निदान 7 किलो तूरडाळ घ्यावी आणि बाकीची तूट सोयाबीनच्या वड्यांनी भरावी. वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, तूरडाळीत सुमारे 22 टक्के.

आता डाळ स्वस्त कशी पडेल? आपला यवतमाळ जिल्हा तुरीचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीपासून नवी तूर बाजारात येते. 100 किलो तुरीची गिरणीत साधारण 70 किलो डाळ होते. समजा तूर 70 रुपये किलोने मिळाली, तर डाळ 100 रुपये किलो पडली. त्यावर भरडाई व वाहतूक. ही बेरीज दुकानातील भावाशी ताडून पाहावी. फरक नसेल तर खटाटोप करू नये. चुरी-फोल शेळीला होतो, तोही हिशेबात धरावा.

50 किलो तुरीला 3,500 रुपये लागतील, डाळ येईल 35 किलो, म्हणजे पाच महिन्यांची बेगमी. ही रक्कम पाच-सहा घरांनी मिळून साध्या भिशीतून (लिलावाच्या नव्हे) उभी करता येते. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो, म्हणून डाळ लगेच करून, कडक उन्हात वाळवून कोठीत भरावी.

फारच स्वस्त तूरडाळ दिसली तर लाखोळीची भेसळ नाही ना, हे पाहावे. लाखोळी हेच मुख्य अन्न झाल्यास पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

मटणाचे म्हणाल तर दालचा हा उत्तम उपाय आपल्याच घरात आहे. पाव किलो मटण, अर्धा किलो डाळ, दुधीच्या फोडी आणि चिंच. आठ माणसे जेवतात. इतर दिवशी अंडी. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने फुकट मिळतात, अंबाडीही स्वस्त असते. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहाने अन्नातील लोह अंगी कमी लागते. घरातील बायका-मुलींसाठी हे विशेष पाळावे.