निशाणी नांगर

एकोणिसाव्या शतकातील एखादे जुने कर्जखत पाहिल्यास त्याच्या शेवटी शेतकऱ्याची सही पुष्कळदा आढळत नाही. ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराची लहानशी आकृती काढलेली असते. त्या काळचे खेडे मुलांस समजावून देताना या आकृतीपासून आरंभ करणे सोयीचे पडते.

खेड्यांत तेव्हा शाळा नव्हत्याच, असे नव्हे. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीने अक्षरे गिरवावयाची, हीच धूळपाटी. मोडी लेखन-वाचन, पाढे आणि तोंडी हिशेब यांपलीकडे अभ्यास फारसा नसे. मोठी मुले लहानांस घोकवीत. पंतोजींस मोबदला थोडा रोख, थोडा धान्यरूपाने मिळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाठांतरे आज निरर्थक वाटतात. परंतु रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर असता, दीड आणा शेराने अडीच शेरांचे पावणेचार आणे होतात हे बाजारात उभ्याउभ्या सांगण्यास त्यांचाच आधार होता. १९५७ साली दशमान नाणी आली व ती गरज ओसरली.

या शाळेत बसत ती मुख्यत्वे ब्राह्मणांची व व्यापाऱ्यांची मुले. कुणब्याचा मुलगा गुरांमागे जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस ओवरीची पायरीही वर्ज्य. मुलींचा तर विचारच नसे. पुढे कर्ज काढताना कागदावर काय लिहिले आहे, फेडलेली रक्कम वळती झाली की नाही, हे त्या कुणब्यास कळत नसे. सावकार सांगेल ते खरे मानावयाचे आणि खाली नांगराची खूण करावयाची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व पुणे-नगर भागात पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी प्रथम हात घातला तो कर्जखतांना. ती हिसकावून जाळण्यात आली. कापसाचे उतरलेले भाव आणि वाढविलेला सारा ही कारणे होतीच. पण न वाचता येणाऱ्या कागदाशी भांडण्याचा दुसरा कोणता मार्ग त्यांना ठाऊक होता?

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात या अवस्थेच्या मुळावरच बोट ठेवले. मुंबई इलाख्यातील दहांपैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नसल्याचे बोलले जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. निदान वयाच्या १२ व्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे. मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतीचेही ज्ञान द्यावे. शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक शक्य तर शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर धरण्यास न लाजणारा असावा, असेही त्यांनी सुचविले.

गावात कोणाकडे जुने मोडी खत असल्यास पाठाच्या दिवशी ते मागून आणावे आणि शेवटची खूण मुलांनाच शोधू द्यावी. एखाद्या वृद्धास पावकी-निमकी येत असल्यास त्यांस वर्गात बोलावून ती म्हणून घ्यावी.