लाल पाटीची गाडी आणि घरची माणसं: काय करावे, काय टाळावे

वैभववाडीकराला नवी गाडी बघायची तर दोनच वाटा. तळेरेला हायवेला लागून कणकवली-कुडाळ, नाहीतर करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूर. एकटा कोणी जात नाही. बायको, पोरं, आई आणि गाडीतलं कळणारा एखादा मेहुणा, असा सगळा गोतावळा निघतो. शोरूमच्या दारात लाल पाटीची गाडी उभी असते आणि सगळे एकदम आत बसायला बघतात. तिकडे शोरूममध्ये काम करणारा आपलाच गाववाला शनिवारी संध्याकाळी तशीच एक गाडी काढतो आणि घरी फोन लावतो, "पोरांका तयार ठेव, गाडी घेवन येतंय."

लाल पाटीवर घरच्यांना बसवता येतं का? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या तिसऱ्या प्रकरणात ट्रेड सर्टिफिकेटचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘टीसी नंबर’चे नियम आहेत. कुटुंबाला बंदी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि परवानगी आहे असंही नाही. नियम विचारतो ते फेरीचं कारण. नियम ४१ मध्ये अशी कारणं मोजून दिली आहेत: दुरुस्तीनंतरची किंवा बांधणीनंतरची चाचणी, वजनकाटा, पासिंगसाठी नेणे-आणणे, गिऱ्हाइकाला ट्रायल, पोचवणी, बॉडी बांधायला किंवा रंगाला नेणे, रेल्वे स्टेशन किंवा बंदरापर्यंत ने-आण, प्रदर्शन. यापैकी एखाद्या कारणासाठी निघालेल्या गाडीत तुमच्या बसण्याचा त्या कारणाशी संबंध असेल, तर तुमची बाजू सांगता येते. गाडी तुमच्या सोयीसाठीच निघाली असेल, तर ती रस्त्यावर बिनपासिंगची गाडी ठरते.

काय करावे

आधी पाटीचा रंग बघावा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी विक्रेत्याच्या ताब्यातली, ट्रेड सर्टिफिकेटवरची. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे टेम्पररी पासिंग झालेली, कागदोपत्री तुमच्या नावावर आलेली. पिवळ्या पाटीच्या गाडीत मुदतीपर्यंत आजीला, नातवाला, शेजाऱ्याला खुशाल बसवा. या लेखातली सगळी पथ्यं लाल पाटीची आहेत. लोक दोन्हींना सरसकट ‘टेम्पररी’ म्हणतात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो.

ट्रायलला घरच्यांना जरूर न्यावं, पण शोरूमचा माणूस गाडीत हवाच. नियम ४० प्रमाणे सर्टिफिकेट ज्याच्या नावाचं आहे त्यानेच ते वापरायचं. दुसरा कोणी स्टिअरिंगवर बसणार असेल, तर मालक, त्याचा नोकर किंवा त्याच्या वतीने काम करणारा कोणीतरी गाडीत हजर असला पाहिजे. "काका, तुम्हीच एक चक्कर मारून या, मी इथेच आहे," असं पोरगा अदबीने म्हणाला, तर त्याला हाताला धरून आत बसवावं. पाच सीटच्या गाडीत एक सीट त्याची, म्हणजे घरचे चारच. मेहुण्याला काचेच्या आत बसून सरबत पिऊ द्या.

ट्रायल घाटात मागावी. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. कोल्हापुरातल्या सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर गाडी फिरवून वैभववाडीच्या माणसाला काहीही कळत नाही. त्याला रोज करूळ किंवा भुईबावडा चढायचा आहे, पावसात, एसी लावून, मागे तीन माणसं आणि वर आंब्याच्या पेट्या घेऊन. भरल्या गाडीनिशी चढावर दुसऱ्या गिअरला ती दम टाकते का, मागे बसलेल्या आईचे गुडघे पुढच्या सीटला लागतात का, हे घरचे बसल्याशिवाय समजत नाही. नियमाचे शब्द ‘वाजवी ट्रायल’ असे आहेत. कणकवलीच्या शोरूममधून गाडी काढून चढाचा एक टप्पा बघून परत येणं माझ्या मते त्यात बसतं. गगनबावड्याला पोचून भजी खाऊन, फोटो काढून, संध्याकाळी परतणं बसत नाही.

दुचाकीचा हिशोब वेगळा आहे. नियमात सूट आहे ती एकच माणूस बसेल अशा बनावटीच्या गाडीला. तिच्यावर गिऱ्हाइकाने एकट्याने चक्कर मारली तर चालतं. स्कूटर दोघांची, तेव्हा मागच्या सीटवर शोरूमचा माणूस. तो आणि तुम्ही बसलात की जागा संपली. वहिनींनी त्यांची ट्रायल वेगळी घ्यावी. चालवणार त्याच असतील तर आधी त्यांनीच घ्यावी. मागे नुसतंच बसून बघायचं असेल, तर पुढे शोरूमचा माणूस आणि मागे तुम्ही. हेल्मेट दोघांना, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही.

फेरी सुरू होण्याआधी नोंद झाली का, ते विचारावं. सर्टिफिकेटधारकाने फेऱ्यांची नोंदवही ठेवायची असते. परतीची वेळ सोडून बाकी तपशील निघण्यापूर्वी भरायचा आणि त्याची प्रत ड्रायव्हरजवळ द्यायची. तळेऱ्याच्या नाक्यावर हवालदाराने हात केला, तर हाच कागद कामाला येतो. त्यावर ‘गिऱ्हाइकासाठी ट्रायल, करूळ घाटाच्या चढाचा एक टप्पा’ असं लिहिलेलं असेल, तर मागे बसलेल्या तुमच्या आईची हजेरी आपोआप समजते. कोरा कागद असेल, तर कोणाचंच बोलणं पटत नाही. सर्टिफिकेटही गाडीतच असावं लागतं, झेरॉक्स शोरूमच्या फाइलमध्ये असून उपयोग नाही.

विम्याचा प्रश्न तोंडाने विचारावा. शोरूमच्या गाड्यांसाठी मोटर ट्रेड पॉलिसी असते. ती सर्टिफिकेटवरच्या कामापुरती आहे की आत बसलेली माणसंही तिच्यात धरली आहेत, हे पॉलिसीवरच वाचावं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात सांगितलं की कायद्याने सक्तीच्या तेवढ्याच विम्यात फुकट बसलेला मागचा स्वार येत नाही. गाडीत घरचं माणूस बसवणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवलेला बरा.

डिलिव्हरी पासिंगनंतरच घ्यावी. नियम ४२ सरळ आहे: कायमचं किंवा टेम्पररी रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. पासिंगचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो. कोल्हापुरात गाडी घेऊन एमएच-०७ हवा असेल, तर ते पैसे भरण्याआधी बोलून घ्यावं, नंतर एमएच-०९ बघून हळहळू नये. गोव्यातून गाडी आणणाऱ्यांनी तिथला टेम्पररी नंबर घेऊन यावं आणि मुदत संपायच्या आत ओरोसच्या आरटीओत कायमचं पासिंग करावं.

पट्टे मागच्या सीटवरही लावावेत. नव्या गाडीचं प्लॅस्टिक निघालेलं नाही, ही सबब नव्हे.

काय टाळावे

शोरूममधल्या नोकरीवाल्याने गाडी घरी नेणं. हा सगळ्यात जास्त होणारा प्रकार आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. मालकाने सोमवारी सकाळी वैभववाडीच्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवायला सांगितलं, म्हणून शनिवारी रात्रीच ती घराच्या अंगणात. रविवारी पोरांना घेऊन नापण्याचा धबधबा, येताना बाजार. सोमवारची ट्रायल खरी असली तरी रविवारची फेरी त्या कारणात येत नाही, आणि मालकाने तोंडी ‘ने रे’ म्हटल्याने येत नाही. तोंडी परवानगी अपघातानंतर कोणाला आठवत नाही. नोकरी जाते ती नोकराची. आत बसलेल्या पोराचं हाड मोडलं, तर दवाखान्याचं बिल त्याच्याच खिशातून जातं.

एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गाडी नेताना नातेवाइकांना बसवणं. कोल्हापूरहून कणकवलीला नवी गाडी उतरवायची आहे, चार सीट रिकाम्या, आणि चतुर्थीला गावी यायला आत्या रंकाळ्यावर उभीच आहे. "रिकामीच जाते आहे," हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण गाडी विक्रेत्याच्या कामाला निघाली आहे आणि आत्या तिच्या कामाला. तिला एस.टी.त बसवून द्यावं.

घाटात हात करणाऱ्याला घेणं. ओळखीचा असला तरी नको. त्याच्याकडून पेट्रोलला म्हणून शंभर रुपये घेणं तर मुळीच नको. तिथे प्रकरण भाडं मारण्यावर जातं आणि मग परवाना, विमा, सगळंच उघडं पडतं.

गॅरेजमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीला लाल पाटी लावणं. २०२२ च्या दुरुस्तीपासून हे स्पष्टच झालं आहे: ट्रेड सर्टिफिकेट कायम किंवा टेम्पररी, कुठलंच पासिंग न झालेल्या गाड्यांसाठी आहे. गिऱ्हाइकाची गाडी तिच्याच नंबरावर, तिच्याच विम्यावर चाचणीला निघते. ब्रेक तपासायला मिस्त्री एकटा निघाला तर ठीक. बायको-पोरांसह आठवड्याच्या बाजारात दिसला, तर ब्रेक तपासत होतो असं सांगू नये.

एकच पाटी दोन गाड्यांना, किंवा स्वतःच्या गाडीला. एक सर्टिफिकेट एका वेळी एकाच गाडीवर, आणि तेही ज्या प्रकारच्या वाहनासाठी दिलं त्यावरच. दुचाकीची पाटी मोटारीच्या काचेत ठेवून घरच्यांना सावंतवाडीच्या लग्नाला नेण्याचे पराक्रम होतात. कॅमेऱ्याला पाटी दिसते, प्रकार दिसत नाही, असं कोणी मानू नये.

देवदर्शन. कोल्हापुरात गाडी घेतली की आधी अंबाबाई, मग जोतिबा, मग वाटेत गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आणि मग घर. क्रम चांगला आहे, पण लाल पाटीवर नव्हे. नारळ शोरूमच्या आवारात फोडा, लिंबं तिथेच चिरडा. पासिंग होऊन नंबर लागला की सहकुटुंब जोतिबाला जा.

ट्रकच्या नव्या चेसिसवर किंवा पिकअपच्या हौद्यात माणसं बसवणं. बॉडी बांधायला निघालेल्या चेसिसला धड केबिनही नसते. पिकअप माल वाहायची गाडी आहे, मागे पोरं नाचवायची नव्हे. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांची भरपाई विमा कंपनीच्या डोक्यावर पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणातच ठरवून टाकलं. ही पाटीच्या रंगाची गोष्टच नाही. पिवळी असो, पांढरी असो, हौदा तो हौदाच.

घरातल्या अल्पवयीन पोराच्या हाती गाडी देणं. "जरा मैदानात फिरवू दे रे त्याला." मैदान म्हणजे बहुधा स्टेशन रोड. कलम १९९-अ प्रमाणे पालक आणि गाडीचा मालक अडकतात. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. इथे गाडी विक्रेत्याची असल्याने तुमच्या लाडापायी तोही ओढला जातो. आपल्या पोरावर ओरडायचं नसेल तर निदान विक्रेत्यावर दया करा.

टेम्पररी नंबरची मुदत संपल्यावर गाडी काढणं. पिवळी पाटी कायमची नाही. नरिंदर सिंग प्रकरणात टेम्पररी रजिस्ट्रेशन ११ जानेवारी २००६ ला संपलं होतं आणि अपघात २ फेब्रुवारीला झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानीचा दावा नाकारला. सुशील कुमार गोदारा प्रकरणात तर अपघातही नव्हता, मुदत संपलेली बोलेरो जोधपूरला गेस्ट हाऊससमोरून चोरीला गेली. २०२१ मध्ये निकाल तोच लागला: वैध पासिंग नाही, तर विमा कंपनीने पैसे द्यायची गरज नाही. हे दोघे तर गाडीचे मालक होते. लाल पाटीच्या गाडीत तुम्ही मालकही नसता.

पोलिसाशी वाद घालणं. "गाडी शोरूमची आहे, आम्ही नुसते बसलोय," हे वाक्य तुमच्या बाजूचं वाटतं आणि नेमकं उलट पडतं. कारण मग तुम्ही कशासाठी बसलात, हाच पुढचा प्रश्न असतो. शांतपणे नोंदीची प्रत आणि सर्टिफिकेट दाखवावं. दोन्ही नसेल, तर दंड मुकाट भरावा. बिनपासिंगची गाडी चालवल्याबद्दल कलम १९२ खाली पहिल्या खेपेला २,००० ते ५,००० रुपये, दुसऱ्या खेपेला १०,००० पर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. कलम २०७ खाली गाडी अडकवूनही ठेवता येते, आणि मग पाचजण घाटाच्या तोंडाशी सामानासकट उतरतात.

एवढं सगळं बहुधा एका घाईपायी घडतं. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी असते आणि कागद आदल्या दिवशी दिलेले असतात. शोरूमवाला गिऱ्हाईक तोडत नाही, लाल पाटीवरच गाडी सोडतो आणि ‘नंबर मागून येईल’ म्हणतो. तेव्हा मुहूर्त धरायचा असेल तर पैसे, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा निदान पंधरवडाभर आधी द्या, कर्ज असेल तर बँकेची मंजुरी त्याच्याही आधी मिळवा, आणि पासिंगची पावती हातात आल्यावरच घरच्यांना कोल्हापूरला बोलवा.