श्याम बेनेगल : चित्रपटाच्या भांडवलाचे अर्थकारण

चित्रपटनिर्मितीत खर्च आधी करावा लागतो. उत्पन्न मात्र अनिश्चित असते. त्यामुळे भांडवल पुरविणाऱ्याचा आशयावर प्रभाव पडतो आणि दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य हा अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो. दादासाहेब फाळके पुरस्काराचे (२००५) मानकरी श्याम बेनेगल (१९३४-२०२४) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

जाहिरातपट व माहितीपटांच्या दीर्घ अनुभवानंतर त्यांनी 'अंकुर' (१९७४) हा पहिला कथापट केला. त्यास जाहिरातपटांच्या वितरणातील 'ब्लेझ' या संस्थेने अर्थसाहाय्य दिले. 'मंथन'साठी (१९७६) गुजरातमधील सुमारे ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. अशा प्रकारे १० लाख रुपये उभे राहिले. जोखीम इतकी विभागली गेली की ती कोणा एकाला जड झाली नाही. शिवाय, हेच शेतकरी पुढे प्रेक्षकही झाले. 'सुसमन'मागे (१९८७) हातमाग क्षेत्रातील संस्था होत्या, तर 'भारत एक खोज' (१९८८) ही ५३ भागांची मालिका दूरदर्शनसाठी आणि 'संविधान' (२०१४) राज्यसभा वाहिनीसाठी झाली.

या व्यवस्थेला मर्यादाही होती. दूध उत्पादकांच्या पैशातून दुग्धसहकाराची आणि हातमाग संस्थांच्या पैशातून विणकरांची कथा आली. म्हणजेच विषयाची चौकट काही अंशी भांडवलानेच आखली. तथापि, 'मंथन'ने सहकाराचे केवळ गुणगान केले नाही. गावातील जातिभेद व सत्तासंघर्षही दाखविला.

सारांश, स्वतंत्र चित्रपट म्हणजे आश्रयदात्याविना निर्मिती नव्हे. कोणत्याही एकाच आश्रयदात्यावर अवलंबून न राहणे, हा त्या स्वातंत्र्याचा आर्थिक आधार होय.