स्पर्श सोसेना तेव्हा : मुलांच्या दीर्घकालीन वेदनेची अनोळखी लक्षणे

वेदना ही शरीराची पहारेकरी आहे, हे वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर आपणांस शिकविले जाते. तापलेल्या तव्याला हात लागताच तो मागे येतो, तो तिच्यामुळेच. परंतु चोर निघून गेल्यावरही पहारेकरी शिट्टी वाजवीतच राहिला तर? जखम भरली, हाड सांधले, तरी वेदना उरते, किंबहुना वाढते. असा रुग्ण प्रौढ असल्यास त्याचे म्हणणे निदान ऐकून तरी घेतले जाते. मुलाच्या वाट्याला मात्र ‘शाळा चुकविण्याचे निमित्त’ हा शेरा येतो. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला या विषयाची निकड वाटते, ती यासाठीच. या वेदनेचा एक नमुनेदार प्रकार म्हणजे ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, थोडक्यात सीआरपीएस.

हा आजार आधुनिक जीवनशैलीची देणगी नव्हे. अमेरिकन यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांचे वर्णन सिलास वेअर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1864 मध्ये प्रसिद्ध केले. जखम भरून आल्यावरही या सैनिकांच्या हातापायांची आग होई, त्वचा लाल व तुकतुकीत दिसे आणि ते तो भाग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. या अवस्थेस पुढे ‘कॉझाल्जिया’ हे नाव मिळाले. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1994 मध्ये सीआरपीएस हे नाव रूढ केले आणि 2003 च्या बुडापेस्ट येथील बैठकीतून निदानाचे आजचे निकष आकारास आले. मज्जातंतूची निश्चित इजा आढळल्यास दुसरा प्रकार, न आढळल्यास पहिला, अशी त्याची विभागणी आहे. मुलांमध्ये पहिला प्रकारच बहुधा दिसतो.

चित्र साधारण असे असते. बारा वर्षांच्या आसपासची मुलगी. खेळताना घोटा मुरगळला. क्ष-किरण चित्र निर्दोष. पट्टी बांधली, विश्रांती दिली. तीन आठवड्यांनी पाय निळसर, थंडगार, किंचित सुजलेला. पायावर चादर सोसत नाही, पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळते. मोजा घालणे अशक्य. कधी ती म्हणते, “हा पाय माझा वाटतच नाही.” रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात आणि घरचे अधिकच संशयी होतात.

या प्रत्येक लक्षणामागे शरीरक्रियेचा आधार आहे. हलक्या स्पर्शाने वेदना होणे, म्हणजे ॲलोडिनिया, हे मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील झाल्याचे लक्षण होय. स्पर्शाचा साधा निरोप तेथे वेदनेचा होऊन पुढे जातो. त्वचेतील सूक्ष्म तंतूंच्या टोकांतून पाझरणारी रसायने रक्तवाहिन्या फुगवितात व सूज आणतात. रक्तवाहिन्या आणि घर्मग्रंथी यांचे स्वायत्त नियंत्रण बिघडल्याने रंग, तापमान व घाम बदलतात. मेंदूतील त्या अवयवाचा नकाशाही बदलतो, म्हणून पाय परका किंवा आहे त्याहून मोठा वाटतो. अवयव दीर्घकाळ न वापरल्यास केस, नखे, त्वचा व हाडे यांवरही परिणाम होतो. प्रौढांमध्ये आजार बहुधा हातात दिसतो आणि आरंभी तो भाग गरम असतो. मुलांमध्ये पाय अधिक आणि तो आरंभापासूनच थंड असू शकतो.

निदान होते ते कानांनी आणि हातांनी. वेदनेच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे : ठणका, कळ, चमक, सणक, आग, मुंग्या, बधिरपणा. पू धरलेला भाग ठणकतो. मज्जातंतूची वेदना आग, चमक, मुंग्या यांच्या भाषेत बोलते. बेळगावसारख्या गावात तर मूल घरी ‘आग’ म्हणते आणि शाळेत कानडीतून ‘उरी’. दोन्ही शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. ‘दुखते’ एवढेच लिहिल्यास निदानाचा अर्धा धागा हातून सुटतो. तपासताना दोन्ही पाय उघडे करून रंग व सूज पाहावी, हाताच्या पाठीने तापमान ताडून पाहावे आणि कापसाचा बोळा मुलाच्याच हाती देऊन त्यालाच तो फिरवावयास सांगावे.

तथापि विश्वास ठेवणे म्हणजे शोध थांबविणे नव्हे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारे हाडांचे दुखणे, लघवीवरील ताबा जाणे अथवा रक्तातील दाहदर्शक घटक वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग वा मज्जारज्जूचा विकार शोधलाच पाहिजे. दोन्ही तळहात-तळपायांची आग होणारा, घाम न येणारा मुलगा दिसल्यास फॅब्री या आनुवंशिक आजाराची आठवण ठेवावी. भारताने 2005 च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तरी नवे रुग्ण आजही आढळतात. म्हणून फिकट बधिर चट्टा आणि कोपराजवळची जाड झालेली नस यांचा शोध घेतल्याविना तपासणी पुरी होत नाही.

उपचाराचे मर्म मात्र सामान्य समजुतीच्या उलट आहे. दुखणाऱ्या पायाला विश्रांती देणे ही मायेची स्वाभाविक रीत. येथे तीच घातक ठरते. प्लॅस्टर, घट्ट पट्टी, बर्फ आणि महिनोन्‌महिने कुबड्या यांनी आजार बळावतो. भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रोज थोडे अधिक चालणे. प्रथम कापूस, मग मऊ फडके, मग खरखरीत टॉवेल अशा क्रमाने त्वचेला स्पर्शाची पुन्हा सवय लावणे. आरशात निरोगी पायाचे प्रतिबिंब पाहत व्यायाम करणे. झोप आणि शाळा यांची घडी पूर्ववत बसविणे, हा उपचाराचा कणा होय. औषधे साहाय्यापुरती. मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठविताना वेदना खोटी आहे म्हणून नव्हे, तर वेदनेसह वावरण्याचे बळ यावे म्हणून, हे मुलाला स्पष्ट सांगावे. बहुसंख्य मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत चांगली सुधारतात. काहींना आजार पुन्हा उद्भवतो, परंतु तो ओळखीचा झालेला असल्याने लवकर आटोक्यात आणता येतो.

पालकांना सांगण्याजोगे वाक्य एकच : “तुमच्या मुलाला होणारी वेदना खरी आहे, परंतु या वेदनेचा अर्थ पायाला नवी इजा होते आहे, असा नाही.” पहिला अर्धा भाग वगळला तर मूल आपल्यावर विश्वास ठेवणार नाही आणि दुसरा वगळला तर ते पाऊल टाकणार नाही. दोन्ही एकत्र आणि पहिल्याच भेटीत सांगणे, हा या आजारावरील पहिला उपचार आहे.